१०८ ची गाडी आली, पण आत कोण आहे? पॅरामेडिक आणि अग्निशामक होण्याच्या वाटा

घरात कोणाच्या छातीत दुखू लागले, शेतात साप चावला किंवा रस्त्यावर अपघात झाला की आपण १०८ लावतो. गाडी किती वेळात येईल, एवढाच प्रश्न तेव्हा डोक्यात असतो. गाडीतून उतरणारा माणूस काय शिकून आला आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

दहावी-बारावीचा निकाल लागला की डॉक्टरांना वेगळेच प्रश्न ऐकायला मिळतात. "पोराला पॅरामेडिकलला घालावे का?" "फायरचा कोर्स केला तर नोकरी लागते का?" वरवर पाहता हे करिअरचे प्रश्न आहेत. पण आज तुमच्या गावातली मुले जे शिकतील, त्यावरच उद्या तुमच्या घरासमोर थांबलेल्या गाडीत कोण असेल हे ठरणार आहे. म्हणून हा लेख विद्यार्थ्यांइतकाच रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातले गारगोटी घेऊ.

गारगोटीसारख्या ठिकाणी हा प्रश्न मोठा का आहे?

गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण. मोठ्या उपचारासाठी इथल्या रुग्णाला कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपण ज्याला सीपीआर म्हणतो तिथे, न्यावे लागते. कूर, मुदाळ तिट्टा, बिद्री करत जाणारा हा रस्ता सुमारे ५० किलोमीटरचा आहे. ऊस गाळपाच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेतून वाट काढावी लागते. कडगाव-पाटगाव खोऱ्यातल्या वाड्यांमधल्या माणसाला तर आधी गारगोटीपर्यंत यायचे असते. एकूण प्रवास तास-सव्वा तासाचा, कधी त्याहून जास्त.

शहरात रुग्णवाहिका म्हणजे दहा-पंधरा मिनिटांची वाहतूक. इथे मात्र तो तास उपचाराचाच भाग असतो.

एक उदाहरण पाहा. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दंशाच्या जागी फारसे दुखत नाही, सूजही येत नाही. काही वेळाने पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आवाज बदलतो आणि मग श्वासाचे स्नायू थकू लागतात. मण्यारचे विष नसांकडून स्नायूंना जाणारा संदेश अडवते. सर्पविषावरची लस लवकर द्यायलाच हवी, पण एकदा लुळे पडलेले स्नायू ती लगेच पूर्ववत करत नाही. अशा रुग्णाला तोपर्यंत कोणीतरी श्वास द्यावा लागतो. गाडीत व्हेंटिलेटर नसेल तर हाताने दाबायची अंबू बॅग वापरतात. दर पाच-सहा सेकंदाला एकदा, म्हणजे मिनिटाला दहा-बारा वेळा. सव्वा तासाच्या प्रवासात हे ७५० ते ९०० वेळा होते. मास्क चेहऱ्यावर घट्ट धरायचा, मान योग्य कोनात ठेवायची, छाती फुगते का ते पाहायचे, तोंडातली लाळ ओढून काढायची. आणि हे सगळे वळणाच्या रस्त्यावर, धावत्या गाडीत.

हे नीट झाले तर असा रुग्ण काही दिवसांनी चालत घरी जाऊ शकतो. नाही झाले तर लस टोचलेली असूनही तो वाटेत दगावू शकतो. गाडीत मागे बसलेल्या माणसाच्या प्रशिक्षणाचे मोल असे असते.

'पॅरामेडिकल' आणि 'पॅरामेडिक' एकच नाहीत

घराघरात होणारा सगळ्यात मोठा गोंधळ या दोन शब्दांचा आहे.

'पॅरामेडिकल' हा खूप मोठा गट आहे. रक्त तपासणारे, एक्स-रे काढणारे, डायलिसिस मशीन चालवणारे, शस्त्रक्रियागृहात मदत करणारे, डोळे तपासणारे तंत्रज्ञ असे सगळे यात येतात. बहुतेकांचे काम रुग्णालयाच्या चार भिंतींच्या आत चालते.

'पॅरामेडिक' म्हणजे रुग्णालयाबाहेर, रस्त्यावर, घरात किंवा शेतात तातडीचा उपचार सुरू करणारा माणूस. रुग्णाला ओळखणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, रक्तस्राव थांबवणे, मान आणि कणा न हलवता उचलणे, छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवणे, ईसीजी काढून रुग्णालयाला आधीच कळवणे, वाटेत झालेली प्रसूती सांभाळणे ही त्याची कामे.

अनेक ठिकाणी 'पॅरामेडिकल डिप्लोमा' या नावाखाली प्रवेश दिले जातात आणि मुलाला वाटते की आपण रुग्णवाहिकेवर काम करणार. दोन वर्षांनी हातात पडतो तो लॅबचा डिप्लोमा. लॅबचे कामही चांगलेच आहे. पण फी भरण्याआधी दोन्हींतला फरक माहीत असायला हवा.

महाराष्ट्राची वाट वेगळी कशी झाली?

१५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादमधून १०८ सेवा सुरू झाली आणि पुढे अनेक राज्यांत पोहोचली. त्या पद्धतीत गाडीत डॉक्टर नसतो. प्रशिक्षण घेतलेला इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन असतो आणि डॉक्टर फोनवरून मार्गदर्शन करतात. त्या राज्यांत रुग्णवाहिकेवरचा तंत्रज्ञ हा एक स्वतंत्र पेशा म्हणून उभा राहिला.

महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ पासून सुरू झाली. ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक म्हणजे व्हेंटिलेटर आणि मॉनिटर असलेल्या, तर ७०४ प्राथमिक सोयींच्या. आपल्या राज्याने गाडीत डॉक्टर ठेवण्याचा निर्णय घेतला. हे डॉक्टर बहुतांशी बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेले असतात. सोबत चालक असतो, त्याला या सेवेत 'पायलट' म्हणतात.

या निर्णयाचे फायदे आहेत. डॉक्टरला रोग ओळखण्याचे शिक्षण असते आणि घरच्यांनाही धीर येतो. गेल्या दहा वर्षांत या डॉक्टरांनी वाड्या-वस्त्यांत जाऊन असंख्य जीव वाचवले आहेत आणि हजारो बाळंतपणे गाडीत सुखरूप केली आहेत.

पण तीन अडचणी दिसतात. पहिली, तातडीची वाहतूक हा डॉक्टरच्या पदवीचा मुख्य विषय नसतो. चेपलेल्या गाडीतून माणूस बाहेर काढणे किंवा धावत्या गाडीत श्वास देत राहणे हे हातचे कसब वेगळे शिकावे लागते. दुसरी, बहुतेक तरुण डॉक्टरांसाठी ही नोकरी दवाखाना टाकेपर्यंतचा किंवा पुढचा प्रवेश मिळेपर्यंतचा टप्पा असतो. कसब अंगी मुरले की माणूस निघून जातो. तिसरी, डॉक्टर आणि चालक एवढेच दोघे असतात. पायलट गाडी चालवत असला की मागे एकच माणूस उरतो. त्याच माणसाने श्वासही द्यायचा, सलाइनही लावायचे आणि फोनही करायचा.

शिवाय, डॉक्टर आधीच असल्यामुळे पॅरामेडिक होऊ पाहणाऱ्या मुलाला राज्यातल्या सगळ्यात मोठ्या रुग्णवाहिका सेवेत मानाची, बढतीची जागा तयार झाली नाही. जागा नाही म्हणून चांगले अभ्यासक्रम कमी, अभ्यासक्रम कमी म्हणून शिकलेली माणसे कमी. हे चक्र अजून तुटलेले नाही.

२०२४ मध्ये राज्याने ही सेवा नव्याने उभी करायचे ठरवले. नव्या योजनेत एकूण १,७५६ वाहने आहेत: २५५ प्रगत, १,२७४ प्राथमिक, ३६ नवजात बालकांसाठी, १६६ दुचाकी आणि २५ बोटी. यावर बरीच चर्चा झाली, पण ती बहुतेक कंत्राट, खर्च आणि गाड्या कधी येणार यावर. गाड्या जवळपास दुप्पट होणार असतील तर त्यांत बसणारी शिकलेली माणसे कुठून येणार, हा प्रश्न मागे पडला.

देशपातळीवरही चित्र असेच आहे. नीती आयोग आणि दिल्लीच्या एम्सने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, पाहणी केलेल्या रुग्णालयांपैकी ९१ टक्के ठिकाणी स्वतःची रुग्णवाहिका होती, पण तिच्यासाठी प्रशिक्षित पॅरामेडिक फक्त ३४ टक्के ठिकाणी होते. रुग्णवाहिकेची बांधणी कशी असावी, याचे एआयएस-१२५ हे राष्ट्रीय मानक आहे. हा नियम गाडीचा आहे. मागे बसणाऱ्याचे शिक्षण त्याने ठरत नाही.

नवा कायदा काय सांगतो?

माणसाच्या शिक्षणाबद्दल बोलणारा कायदा २०२१ मध्ये आला: राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा. त्यात ५० हून अधिक व्यवसायांची दहा गटांत मांडणी केली आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे 'इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट' म्हणजेच पॅरामेडिक हा व्यवसाय त्यात नाव घेऊन दिलेला आहे.

या कायद्यानुसार:

- सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवण्यासाठी किमान २,००० तासांचा, दोन ते चार वर्षांत विभागलेला डिप्लोमा किंवा पदवी हवी.
- आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवण्यासाठी किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांची पदवी हवी.
- केंद्र आणि राज्य पातळीवर नोंदवही असेल आणि त्यात नाव नोंदवावे लागेल.

कायदा झाला, पण राज्याराज्यांत परिषदा स्थापन व्हायला वेळ लागला. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र आणि राज्यांना १२ ऑक्टोबर २०२४ पर्यंत अंमलबजावणी करण्यास सांगितले. महाराष्ट्रात त्याआधीपासून २०११ चा परावैद्यक परिषद कायदा आहे. म्हणजे राज्याची जुनी चौकट आणि केंद्राची नवी चौकट यांची सांधेजोड होण्याचा हा काळ आहे.

पालकांसाठी याचा अर्थ सरळ आहे. तीन किंवा सहा महिन्यांच्या कोर्सचे प्रमाणपत्र कितीही चकचकीत असले तरी त्याचे २,००० तास होत नाहीत. तो कोर्स उपयोगी असू शकतो. पण त्याच्या जोरावर पुढे नोंदणी होईल असे कोणी सांगत असेल तर थांबा आणि विचारा.

पॅरामेडिक व्हायचे असेल तर कोणत्या वाटा आहेत?

*१. पदवी.* बारावी विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेऊन इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजी किंवा तत्सम शाखेची बीएस्सी. ही सगळ्यात भक्कम वाट. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पॅरामेडिकल पदवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत चालते. तीन वर्षे शिक्षण आणि मग इंटर्नशिप. मात्र बीपीएमटीच्या अनेक शाखा असतात. आपण कोणत्या शाखेत जातोय, ते नीट पाहा. भूल किंवा शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ या शाखांतून गेलेल्याला श्वासमार्गाचे काम चांगले येते आणि अतिदक्षता विभागाची दारे उघडतात.

*२. नर्सिंग.* जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून अपघात विभागात काम. गावातल्या मुला-मुलींसाठी आजच्या घडीला ही नोकरीच्या दृष्टीने जास्त खात्रीची वाट आहे. प्रगत रुग्णवाहिकेवर आणि मोठ्या रुग्णालयांच्या रुग्ण-वाहतुकीत अनुभवी परिचारकांना मागणी असते.

*३. कौशल्य अभ्यासक्रम.* राष्ट्रीय कौशल्य चौकटीत 'इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन - बेसिक' हा कमी मुदतीचा अभ्यासक्रम आहे. खासगी रुग्णवाहिका, कारखान्यांतली प्रथमोपचार केंद्रे, कार्यक्रमांचा बंदोबस्त अशा कामांसाठी सुरुवात म्हणून तो ठीक. पदवीची जागा तो घेत नाही.

*४. आधीच डॉक्टर असाल तर.* बीएएमएस, बीएचएमएस किंवा एमबीबीएस झालेल्यांसाठी पुण्याच्या सिम्बायोसिसचा आपत्कालीन वैद्यकीय सेवेतला पदव्युत्तर डिप्लोमा आहे. १०८ वर रुजू होण्याआधी असे काही शिकून जाणे रुग्णाच्याही हिताचे.

*५. पायलट.* गाडी चालवण्याचा पक्का हात असलेल्या तरुणाला हे काम मिळू शकते. स्ट्रेचर उचलणे, ऑक्सिजन जोडणे, छातीवर दाब देणे हे त्यालाही येणे गरजेचे आहे, कारण घटनास्थळी दुसरा हात त्याचाच असतो.

या सगळ्यांनी बीएलएस आणि पुढे एसीएलएस हे छोटे अभ्यासक्रम करावेत. त्यांची प्रमाणपत्रे दोन वर्षांनी नव्याने घ्यावी लागतात, आणि ते बरोबरच आहे. हाताचे कसब वापरले नाही की गंजते.

नोकरीचे खरे चित्रही सांगायला हवे. १०८ वरची नोकरी कायम सरकारी नोकरी नसते. सेवा चालवणाऱ्या कंपनीकडची असते. परदेशात जायचे स्वप्न असेल तर ब्रिटनमध्ये 'पॅरामेडिक' हे नाव नोंदणीशिवाय लावताच येत नाही आणि त्यासाठी पदवीच्या पातळीचे शिक्षण लागते. आखाती देशांतही शिक्षणाची पडताळणी आणि परवाना लागतो. सहा महिन्यांच्या कोर्सवर 'दुबईत नोकरी' सांगणाऱ्या जाहिरातीकडे त्याच नजरेने पाहा.

अग्निशामक होण्याची वाट

आग लागली की पहिला उपचार बंबावरचा माणूस करतो. धुरातून रुग्णाला बाहेर तोच काढतो. आरोग्याशी त्याचा संबंध किती जवळचा आहे, हे ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला लागलेल्या आगीने दाखवले. त्या रात्री दहा बाळे गेली. कोल्हापूरकरांना ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आठवत असेल. केशवराव भोसले नाट्यगृह डोळ्यांदेखत जळाले.

आपल्याकडे अग्निशमन ही नगरपालिका-महानगरपालिकांची जबाबदारी आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरी संस्थांच्या कामांच्या यादीत, ती येते. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत ती नाही. म्हणून खेड्यात उसाचा फड किंवा गवताची गंजी पेटली की जवळच्या नगरपालिकेचा किंवा साखर कारखान्याचा बंब येईपर्यंत गावकऱ्यांनाच झुंजावे लागते. याच कारणाने खेड्यातल्या मुलाला अग्निशामक व्हायचे असेल तर नोकरीसाठी बहुधा शहर किंवा केंद्रीय दल गाठावे लागते.

वाटा अशा:

- *राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र, सांताक्रूझ, मुंबई.* महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचे हे केंद्र दोन मुख्य अभ्यासक्रम चालवते. अग्निशामकाचा सहा महिन्यांचा, दहावी उत्तीर्णांसाठी. आणि उपस्थानक अधिकाऱ्याचा एक वर्षाचा, पदवीधरांसाठी. अग्निशामकासाठी अलीकडच्या जाहिरातींत खुल्या गटाला दहावीत ५० टक्के गुण, वय १८ ते २३ आणि पुरुषांची उंची १६५ सेंटीमीटर अशा अटी होत्या. नगरपालिकांच्या भरतीत हा कोर्स कामी येतो.
- *महानगरपालिकांची थेट भरती.* मुंबई अग्निशमन दलाने २०२३ च्या सुरुवातीला ९१० अग्निशामकांची भरती घेतली. निवड झालेल्यांना दल स्वतः प्रशिक्षण देते.
- *राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, नागपूर.* अधिकारी आणि फायर इंजिनिअर होण्याची देशातली महत्त्वाची संस्था. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर इथून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या महिला. मुलींनी हे क्षेत्र आपले नाही असे समजू नये.
- *केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची अग्निशमन शाखा.* बारावी विज्ञान झालेल्यांसाठी. २०२४ मध्ये १,१३० जागांची जाहिरात निघाली होती. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी ही भरतीही डोळ्यांसमोर ठेवावी. धावण्याची तयारी तीच असते.
- *एनडीआरएफ.* २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बोटी घेऊन आलेले जवान आठवत असतील. या दलात थेट भरती नसते. सीआरपीएफ, बीएसएफ यांसारख्या केंद्रीय दलांतून जवान तिथे जातात. आधी त्या दलात जावे लागते.
- *विमानतळ आणि कारखाने.* विमानतळ प्राधिकरण बारावी किंवा मेकॅनिकलसारखा डिप्लोमा केलेल्यांना अग्निशमन विभागात घेते. वाहन परवाना लागतो.

एक सावधगिरी. 'फायर अँड सेफ्टी' नावाचे खासगी डिप्लोमा जागोजागी मिळतात. मोठ्या कारखान्यात कायद्याने नेमायच्या सुरक्षा अधिकाऱ्यासाठी तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा प्रगत डिप्लोमा वेगळा असतो आणि त्यासाठी आधीची पात्रताही वेगळी असते. खासगी डिप्लोमा करून 'सेफ्टी ऑफिसर' होता येईल असे गृहीत धरू नका.

या कामासाठी तब्येत कशी हवी?

डॉक्टर म्हणून हा भाग मी मुद्दाम सांगतो, कारण जाहिरातीत तो नसतो.

- *प्रवेशाआधी तपासा:* रंगांधळेपणा, दमा, फिट्स, हृदयाचे ठोके अनियमित असणे, कानाचे त्रास. रंगांधळेपणा अनेकांना भरतीच्या दिवशीच कळतो. साधी तपासणी आधी करून घ्या.
- *लसी:* हिपॅटायटीस बी चे तीन डोस आणि धनुर्वाताची लस. सुई टोचण्याचा आणि रक्त अंगावर येण्याचा धोका दोन्ही कामांत आहे.
- *कंबर:* रुग्णवाहिकेवरच्या लोकांचा सगळ्यात मोठा त्रास कंबरदुखीचा. उचलण्याची पद्धत पहिल्याच महिन्यात शिकावी.
- *धूर:* जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचे काम कर्करोगकारक गटात टाकले. म्हणून श्वसनयंत्र लावल्याशिवाय धुरात न शिरणे, काजळीचे कपडे घरी न नेणे आणि नियमित तपासणी हे हक्काने मागा.
- *मन:* लहान मुलाचा मृतदेह हातांत घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटीवर जातो. झोप उडणे, चिडचिड, दारूकडे वळणे ही लक्षणे घरच्यांनी ओळखावीत. मदत मागण्यात कमीपणा नाही. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

फी भरण्याआधी संस्थेला हे विचारा

१. अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा आहे? त्या विद्यापीठाच्या यादीत ही संस्था आहे का?
२. एकूण तास किती? त्यांतले रुग्णालयात आणि रुग्णवाहिकेवर किती?
३. प्रात्यक्षिकासाठी कोणत्या रुग्णालयाशी लेखी करार आहे? तिथे रोज किती तातडीचे रुग्ण येतात?
४. हा कोर्स करून परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? झालेल्या दोन विद्यार्थ्यांशी बोलता येईल का?
५. प्रमाणपत्रावर व्यवसायाचे नाव नेमके काय छापले जाते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गोलमोल आले तर तिथून उठा. पुतळ्यावर शिकलेला हात माणसावर पहिल्यांदा तुमच्या घरातच चालू नये.

रुग्णाच्या घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

खासगी रुग्णवाहिका ठरवताना भाड्यासोबत तीन गोष्टी विचारा: मागे कोण बसणार आणि त्याचे शिक्षण काय, ऑक्सिजन किती वेळ पुरेल, आणि श्वास द्यायची बॅग व सक्शन मशीन चालू आहे का. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा श्वास लागत असेल तर फक्त चालक असलेली गाडी घेऊ नका; तशी वेळ आलीच तर रुग्णालयाकडे सोबत परिचारक मागा. गरोदर माता आणि एक वर्षापर्यंतच्या बाळासाठी १०२ ची मोफत गाडी असते. ती सेवा वेगळी.

१०८ ला फोन करताना रस्त्याची खूण, रुग्ण शुद्धीत आहे का आणि श्वास कसा आहे हे आधी सांगा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात थांबून सर्पदंशाची लस किंवा पहिला उपचार घेणे बहुतेक वेळा शहाणपणाचे असते. 'थेट कोल्हापूरलाच चला' असा हट्ट धरून तो थांबा चुकवू नका.

गारगोटीत काय करता येईल?

गारगोटीत १९५२ मध्ये शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठ उभे केले. खेड्याला लागणारी माणसे खेड्यातच घडावीत, हा त्यामागचा विचार. स्थापत्य, शेती, शिक्षण या क्षेत्रांत या मातीने तशी माणसे दिली. आज खेड्याला लागणाऱ्या माणसांच्या यादीत पॅरामेडिक वर आहे. ग्रामीण रुग्णालयात प्रात्यक्षिक, कोल्हापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अपघात विभागाचे प्रशिक्षण आणि पदवी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, असा अभ्यासक्रम तालुक्यांच्या ठिकाणी आणणे अशक्य नाही. पण शिकलेल्या मुलाला नोकरी हवी. त्यासाठी राज्याने १०८ च्या प्रत्येक प्रगत गाडीत डॉक्टरसोबत एक नोंदणीकृत पॅरामेडिकची जागा निर्माण करावी. त्यामुळे मागे दोन हात वाढतील, डॉक्टर बदलले तरी कसब गाडीत टिकेल आणि चांगल्या अभ्यासक्रमांना विद्यार्थी मिळतील. ही मागणी आमदारांकडे, जिल्हा परिषदेत आणि ग्रामसभेत रुग्णांच्या घरच्यांनी करायला हवी. गाडीची मागणी आपण नेहमी करतो, तिच्यातल्या माणसाचीही करू.

ते होईपर्यंत गावाच्या हातात बरेच काही आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'आपदा मित्र' योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण देतात. कोल्हापूरच्या व्हाइट आर्मीने महापुरात स्वयंसेवक काय करू शकतात हे दाखवले आहे. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला हे काम आपल्याला झेपते का, हे पाहायचे असेल तर फी भरण्याआधी अशा प्रशिक्षणाला पाठवा. पुढे तो या क्षेत्रात गेला तर पाया तयार असेल. नाही गेला तरी छातीवर दाब कसा द्यायचा आणि रक्त कसे थांबवायचे हे जाणणारा एक माणूस तुमच्या गल्लीत असेल, आणि गाडी येईपर्यंतची पहिली वीस मिनिटे त्याच्याच हातात असतात.